माळ बाहेर ठेव, असं मी म्हणाले होते

संपादक महोदय,

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं डिसेंबर २०२४ मध्ये ठराव करून २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिवस जाहीर केला. डिसेंबर आला की आता ध्यानावर भरपूर छापून येतं आणि त्यात एक वाक्य हमखास असतं : ध्यानाला धर्म नसतो. हे वाक्य मी स्वतः कितीतरी वर्षं बोलत आले. ज्या छोट्या गटात मी दर रविवारी ध्यानाला बसते, तिथे नव्यानं येणाऱ्याला दारातच ऐकवत आले. आता मला ते म्हणवत नाही. का, ते सांगण्यासाठी हे पत्र. पत्र लांबलं आहे, पण काटछाट केली असती तर हातात पुन्हा एक सुविचारच उरला असता.

आम्ही अकरा जण आहोत. संस्था नाही, नोंदणी नाही, समोर गुरू बसत नाहीत. गटातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या घरातली पुढची खोली, सकाळी साडेसहाची वेळ आणि ४५ मिनिटांची बैठक, एवढाच आमचा पसारा. मी निवृत्त गणित शिक्षिका. खोलीची किल्ली, चटया आणि घड्याळ माझ्याकडे असतं, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात आणि बऱ्यापैकी माझं ऐकतात. कोणी आपलं ऐकतं म्हटल्यावर बोलताना जास्त जपायला हवं होतं.

सहाएक वर्षांपूर्वी एक परिचारिका आमच्यात यायला लागली. रात्रपाळी संपवून थेट यायची. डोळे लाल, पण पाठ ताठ. ती कॅथलिक आहे. उजव्या मुठीत लाकडी मण्यांची रोझरी असायची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी बैठकीआधी मी तिला बाजूला घेतलं आणि जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हटलं, "माळ बाहेर ठेव ना. इथे आपण कुठल्याच धर्माचं काही आणत नाही." तिनं वाद घातला नाही. "हो बाई" म्हणाली, पर्स उघडली, माळ आत सोडली आणि चेन ओढली. त्या चेनचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ती ४५ मिनिटं बसली, सगळ्यांचा निरोप घेऊन गेली आणि पुढचे सात रविवार आली नाही.

ड्यूटी बदलली असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली. आठव्या आठवड्यात मात्र राहवेना, फोन केला. आधी इकडचं तिकडचं बोललो. मग मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी जप करत नव्हते बाई. नुसती धरून बसले होते. रात्रभर हात कामात असतात, खाली बसलं तरी बोटं थांबत नाहीत. माळ मुठीत असली की बोटं शांत होतात, मग कुठे श्वास सापडतो." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "आणि जप करत असते, तरी तुम्हाला ऐकू आला असता का?"

तिनं आवाज चढवला नव्हता, पण मला उत्तर देता आलं नाही.

माझ्या मनात त्या नियमाला आधार होता, तोही सांगते. मी सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरं केली आहेत. तिथे दहा दिवस पूजा, प्रार्थना, उपवास, मंत्रजप, माळ जपणं, सगळं बाजूला ठेवायला सांगतात. पण का, हेही सांगतात : यात दुसऱ्या कुठल्या साधनेची निंदा नाही, ही एक पद्धत कशात न मिसळता नीट पारखून पाहता यावी एवढाच हेतू. आणि ते मान्य करून, स्वतःच्या इच्छेनं माणूस शिबिरात येतो. गोएंका स्वतः कट्टर हिंदू घरातले, ब्रह्मदेशात वाढलेले व्यापारी. अर्धशिशीनं हैराण होऊन १९५५ मध्ये तिथले विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे जाताना, आपला धर्म तर सुटणार नाही ना, या शंकेनं तेही घुटमळले होते. १९६९ मध्ये त्यांनी भारतात शिकवायला सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या शिबिरांत ख्रिस्ती धर्मगुरू आणि नन्सही बसल्या. ज्या माणसाला ती शंका आतून ठाऊक होती, त्याच्या शिबिरातला नियम मी उचलला आणि कारण मात्र तिथेच सोडून आले. रविवारच्या ४५ मिनिटांसाठी कोणी कसलीही संमती दिली नव्हती. दहा दिवसांच्या प्रयोगाची अट मी लोकांच्या रोजच्या आयुष्याला लावली.

याहून जास्त लागली ती पुढची गोष्ट. बैठक संपली की मी तीनदा 'भवतु सब्ब मंगलं' म्हणत असे. सगळ्यांचं भलं होवो, यात कसला धर्म, असं मी धरून चालले होते. परिचारिकेचा विषय मी गटासमोर मांडला, चूक झाली म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्यातले एक मुस्लिम गृहस्थ बोलले. ते वायरमन आहेत, फार कमी बोलतात. म्हणाले, "बाई, तुम्ही शेवटी म्हणता ते मला आवडतं. पण ते पालीत आहे आणि बुद्धांच्या परंपरेतून आलंय. ते चालतं, तर मी मनातल्या मनात दुआ करून तोंडावरून हात फिरवतो, तेव्हा दोघं-तिघं डोळे किलकिले करून का बघतात?"

त्या दोघा-तिघांत मी होते.

ज्याची आपल्याला सवय झालेली असते ते आपल्याला धर्म वाटतच नाही. दुसऱ्याचं तेवढं डोळ्यांत भरतं. आमच्या खोलीतून आम्ही धर्म बाहेर काढला आहे असा आमचा समज होता. खरं तर माझ्या ओळखीचं तेवढं आत राहिलं होतं आणि अनोळखी तेवढं बाहेर गेलं होतं.

त्यानंतर आम्ही फार मोठं काही केलं नाही. शेवटचं सामूहिक वाक्य बंद केलं. घड्याळाचा मंद सूर वाजतो, मग पाचेक मिनिटं कोणी उठत नाही. त्या वेळात ज्याला जे म्हणायचं असेल ते त्यानं आपल्या भाषेत, आपल्यापुरतं म्हणावं. मोठ्यानं म्हटलं तरी चालेल. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. त्यावर 'आमेन' किंवा 'साधु साधु' म्हणायला कोणी बांधलेलं नाही. मी अजूनही 'भवतु सब्ब मंगलं' म्हणते, एकटी. गटातले एक काका देव मानत नाहीत. ते त्या पाच मिनिटांत खिडकीबाहेर बघत बसतात. एकदा मला म्हणाले, "पूर्वी तुमच्या मंगलात मला न विचारता घेतलं जायचं. आता मी नुसता ऐकणारा आहे, हे बरं आहे." हे तर माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. शुभेच्छासुद्धा कुणावर लादली जाऊ शकते, हे मला पासष्टी उलटल्यावर कळलं.

ही रीत आम्हाला सुचली त्यात नवल काही नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांपासून सुरू झालेले क्वेकर लोक आजही अनेक ठिकाणी असेच बसतात. पुरोहित नसतो, ठरलेली प्रार्थना नसते, सगळे गप्प. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून चार शब्द बोलतो आणि पुन्हा शांतता. आम्हाला हे नंतर कळलं. कळलं तेव्हा बरं वाटलं, आपण एकटे नाही म्हणून.

आता नमाजाचं. हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो, त्यामुळे पहाटेच्या नमाजाची वेळ लांबते आणि आमच्या बैठकीला येऊन भिडते. वायरमन भाऊ त्या दिवसांत लवकर येऊन आतल्या खोलीत नमाज पढत आणि मग आमच्यात येऊन बसत. एका सकाळी त्यांना उशीर झाला. आमच्यातल्या एकानं, अगदी प्रेमानं, म्हटलं, "अहो, ध्यान हीच नमाज समजा आज. पोचतं शेवटी एकाच ठिकाणी." भाऊंनी बूट काढता काढता वर पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "ध्यान मी तुमच्याबरोबर करतो. नमाज मला पढायची असते. या दोन गोष्टी आहेत." आणि आत गेले. आम्ही बैठक दहा मिनिटं उशिरा सुरू केली.

'सगळ्या नद्या एकाच समुद्राला मिळतात' हे वाक्य मला त्या दिवसापासून नकोसं झालं आहे. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मान्य. पण ते बहुतेक वेळा समोरच्याची नदी बघायचा कंटाळा आला की म्हटलं जातं. नमाजात उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकणं, ठरलेली वचनं म्हणणं आहे, त्याला वेळेचं बंधन आहे. श्वासावर लक्ष ठेवून बसणं त्याच्या जागी येत नाही. सूफींमध्ये मनातल्या मनात करायचा जिक्र, म्हणजे ईश्वराचं नामस्मरण आहे, पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांत श्वासाच्या लयीत येशूची प्रार्थना आहे, बौद्धांत आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणं आहे. जवळ गेलं तर साम्य दिसतं आणि फरकही दिसतो. फरक पुसून टाकल्याशिवाय ज्याला शेजारी बसता येत नाही, त्याला शेजारी बसता आलं असं मी म्हणणार नाही.

आमच्यातल्या एका जैन मावशींचं उदाहरण देते. आमची बैठक ४५ मिनिटांची, आणि जैनांचं सामायिक, म्हणजे समभावानं एका जागी बसण्याची त्यांची साधना, असतं ४८ मिनिटांचं, म्हणजे एका मुहूर्ताचं. मावशी आमच्या आधी तीन मिनिटं येऊन बसतात. स्वतःचं लोकरी आसन आणतात, चार कोपरे ओढून सरळ करतात, डोळ्यांना जेमतेम दिसणारी मुंगीसुद्धा खाली नाही ना, हे वाकून पाहतात, मग हलक्या आवाजात 'करेमि भंते' हा सामायिकाचा संकल्पपाठ म्हणून नियम घेतात. त्यानंतर आमच्यातलं कोणी उशिरा आलं, फोन वाजला, काही झालं तरी त्या ४८ मिनिटांत त्यांचं आसन सुटत नाही. दोन वर्षं मी त्यांना 'लवकर येणाऱ्या मावशी' समजत होते. एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं. कुणी विचारलं म्हणून त्यांचा चेहरा किती खुलला होता! आता माझी खोली उघडायची वेळ सहा वीसची झाली आहे.

दोन वाटांवर चालणारा माणूस अर्धवट राहतो, असं काहींना वाटतं. आमच्याही गटात हा प्रश्न निघाला होता, परिचारिका परत यायला लागली तेव्हा. मला फादर ह्यूगो एनोमिया-लासाल आठवतात. जर्मन जेसुइट, म्हणजे कॅथलिकांमधल्या एका संघाचे धर्मगुरू, १९२९ मध्ये जपानला गेले, ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमात होते, अणुबाँबमध्ये जखमी झाले. पुढे त्यांनी झेन या बौद्ध ध्यानपंथाच्या गुरूंपाशी बसून साधना केली, ती इतरांना शिकवली आणि अखेरपर्यंत कॅथलिक धर्मगुरू राहिले. त्यांच्या चर्चमधल्या वरिष्ठांना हे सहज पचलं नव्हतं. पण कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये जाहीरपणे म्हटलं, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. आमची परिचारिका हे सगळं वाचून आलेली नव्हती. तिनं एवढंच सांगितलं, "इथे बसल्यापासून माझी चर्चमधली प्रार्थना जास्त मन लावून होते." प्रश्न तिथे संपला. तिचं काय अर्धवट राहतंय हे ठरवणारे आम्ही कोण?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, सगळं छान जमून आलं. तसं नाही. आमची खरी परीक्षा खोलीत झालीच नाही, ती झाली व्हॉट्सॲपवर. बैठकीच्या वेळेचे निरोप द्यायला आमचा गट आहे. एका रात्री आमच्यातल्या एकानं त्यावर एक व्हिडिओ टाकला. एका समाजाबद्दल अत्यंत विषारी. सकाळी उठून पाहिलं तर अकरापैकी नऊ जणांनी तो पाहिला होता आणि कोणी एक शब्द लिहिला नव्हता. वायरमन भाऊंनीही पाहिला होता. रविवारी आम्ही सगळे डोळे मिटून ४५ मिनिटं बसलो. इतकी जड शांतता मी त्या खोलीत कधी अनुभवली नाही. ते ध्यान नव्हतं, ती आमची भीड होती.

बैठकीनंतर मीच तो विषय काढला. टाकणारा म्हणाला, "मी पूर्ण बघितलाही नव्हता, आला तसा पुढे ढकलला." खरं असेलही. पण आपण न बघता जे पुढे ढकलतो ते कुणाच्या तरी घरात जाऊन पडतं. मी त्या दिवशी सम्राट अशोकाचा बारावा शिलालेख वाचून दाखवला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा लेख आहे. सगळ्या पंथांच्या वाढीचं मूळ तो वाणीच्या संयमात सांगतो. आपल्या पंथाच्या भक्तीपोटी जो स्वतःची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करतो, तो स्वतःच्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आणि पुढे म्हटलं आहे, समवाय, म्हणजे एकत्र येणं, हाच चांगला, लोकांनी एकमेकांचा धर्म ऐकावा. नुसतं सहन करावं असं तो म्हणत नाही, ऐकावा म्हणतो.

व्हिडिओ टाकणाऱ्यानं भाऊंची माफी मागितली. भाऊ "ठीक आहे" म्हणाले. तरी तो माणूस पुढच्या रविवारपासून यायचा बंद झाला. लाज वाटली की राग आला, मला सांगता येणार नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. त्याची चटई अजून बाकीच्यांबरोबरच ठेवते. हे माझ्या मनाला लागून राहिलं आहे, कारण तो मनानं वाईट नाही, आणि दोष नऊ जणांच्या गप्प बसण्यातही होता. त्याच रात्री कोणी दोन ओळी लिहिल्या असत्या, तर कदाचित सगळ्यांसमोर बोलायची वेळ आली नसती.

आणखी एक प्रसंग थोडक्यात. एका अनुभवी साधकाला आम्ही एकदा मार्गदर्शनाला बोलावलं. फार छान बोलले, पण शेवटी म्हणाले की इतर सगळे मार्ग खालच्या पायऱ्या आहेत, भक्तीत आणि कर्मकांडात माणूस अडकतो, शेवटची पायरी आमचीच. जैन मावशी आसनाची घडी घालत होत्या, त्यांचा हात थांबला. त्या साधकांना आम्ही पुन्हा बोलावलं नाही. ज्या मोठेपणात दुसऱ्याला जागा मिळते पण खालची मिळते, तो आम्हाला नको.

मग 'ध्यानाला धर्म नसतो' या वाक्याचं काय करायचं? जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखण्यांनी त्रस्त रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. त्यातली धार्मिक परिभाषा त्यांनी मुद्दाम वगळली, म्हणजे कुठल्याही श्रद्धेच्या रुग्णाला तो घेता यावा. ते योग्यच होतं, त्याचा असंख्य लोकांना उपयोग झाला. पण स्वतः कबाट-झिन झेन आणि विपश्यना शिकूनच तिथवर आले होते. परिभाषा वगळली म्हणून मूळ नाहीसं होत नाही. एखाद्या रुग्णालयाला मूळ न सांगता चालत असेल. आम्ही मात्र दर रविवारी एकमेकांच्या शेजारी बसणारी माणसं आहोत, आम्हाला ते जाणून घेतल्याशिवाय चालणार नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. ध्यानाच्या एखाद्या पद्धतीवर आपण लेख छापाल, तेव्हा ती कुठल्या परंपरेतून आली, कुणी जपली, कुणी शिकवली, हे एका ओळीत का होईना, जरूर छापा. त्यानं वाचक बिचकणार नाही. उलट ज्यांचा वारसा आहे त्यांना आपली ओळख पटेल आणि इतरांना कळेल की आपण कुणाच्या तरी घरचं घेतो आहोत. आणि माझ्यासारखे जे घरगुती गट चालवतात, त्यांना सांगावंसं वाटतं : कुणाच्या हातात, गळ्यात, कपाळावर काही दिसलं तर आधी विचारा, ते काय आहे. बाहेर ठेवा म्हणण्याआधी विचारा. मी विचारलं असतं तर सात रविवार वाया गेले नसते.

परिचारिका आता खिडकीजवळच्या चटईवर बसते. माळ उजव्याच मुठीत असते. गेल्या महिन्यापासून एक नवा मुलगा येतो आहे, त्याला आपल्या गुरूंचा लहानसा फोटो समोर ठेवून बसायचं आहे. फोटो सगळ्यांच्या समोर येतो, माळेसारखा मुठीत मावत नाही, त्यामुळे देव न मानणाऱ्या काकांना ते पटेल की नाही, मला माहीत नाही. येत्या रविवारी बैठकीनंतर त्यावर बोलायचं ठरलं आहे. त्याला आधी त्या गुरूंबद्दल सांगायला सांगणार आहोत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका

(गटातल्या मंडळींची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)